थीम पार्कच्या दारावरची सुरक्षा तपासणी: बॅग भरण्यापासून आत पाऊल ठेवेपर्यंत

थीम पार्कला जायचे ठरले की तिकिटे, राइडसाठी लागणारी उंची, मुलांचे जादा कपडे, परतीची गाडी या सगळ्यांचा विचार आधीपासून होतो. दिवसाची पहिली रांग मात्र सुरक्षा तपासणीची असते आणि तिची तयारी फार थोडे जण करतात. दोन्ही गुडघ्यांत कृत्रिम सांधे असलेली आई, लहान भाचरे आणि त्यांचे भरपूर सामान अशा गोतावळ्यासह मी अनेक पार्कांच्या दारांतून गेले आहे. कधी दोन मिनिटांत सुटका झाली, तर कधी उन्हात पाऊण तास गेला आणि आत शिरण्याआधीच मुले रडकुंडीला आली. या सगळ्या अनुभवांतून माझी एक खात्री झाली आहे, ती म्हणजे तपासणाऱ्याला जी वस्तू एका नजरेत ओळखता येत नाही तीच रांग अडवते. खरोखर धोकादायक वस्तू क्वचितच सापडतात. एकावर एक कोंबलेल्या, कशात तरी गुंडाळलेल्या, तळाशी जाऊन बसलेल्या साध्यासुध्या वस्तूंसाठीच बहुतेक बॅगा पुन्हा उघडल्या जातात. तुमची बॅग, तुमचे खिसे आणि शरीरावर किंवा शरीरात असलेली उपकरणे यांचा उलगडा समोरच्या माणसाला चटकन व्हावा, एवढ्याच हेतूने पुढील सूचना लिहिल्या आहेत.

तपासणी कुठे होते, हे आधी जाणून घ्यावे

तपासणी पार्कच्या मुख्य दारातच होईल असे गृहीत धरू नये. अमेरिकेतील डिस्नेच्या पार्कांत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर दारावर बॅगा उघडून पाहण्याची पद्धत रुळली. डिसेंबर २०१५ मध्ये डिस्ने, युनिव्हर्सल आणि सीवर्ल्ड या तिन्ही कंपन्यांनी फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो येथील आपापल्या पार्कांत मेटल डिटेक्टर आणले. त्यानंतर तपासणीची जागाच हळूहळू दारापासून दूर सरकत गेली, कारण दारासमोर गर्दी साचू देणे हाच एक धोका मानला जातो. डिस्नेच्या तिथल्या मॅजिक किंगडम या पार्कला स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांची तपासणी २०१७ पासून वाहनतळाजवळच्या स्थानकावर, म्हणजे मोनोरेल किंवा बोटीत बसण्याआधीच होऊ लागली. युनिव्हर्सल ऑरलँडोमध्ये वाहनतळाच्या इमारतीतून पुढे निघताना, दुकाने आणि उपाहारगृहांच्या भागात शिरण्याआधी तपासणी होते.

या माहितीचा थेट उपयोग असा, की तपासणीची जागा गाडीजवळ असेल तर नको असलेली वस्तू गाडीत ठेवून येणे दहा मिनिटांचे काम ठरते. पण तुम्ही बसने, आगगाडीने किंवा टॅक्सीने आला असाल, तर मागे परतण्याची सोयच उरत नाही. म्हणून गाडीशिवाय जाणाऱ्यांनी सामान भरताना दुप्पट काळजी घ्यावी आणि तपासणीच्या अलीकडे लॉकर आहेत का, हे पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर आदल्या दिवशीच पाहावे. अनेक पार्कांचे लॉकर तपासणीच्या पलीकडे असतात. मनाई असलेली वस्तू ठेवण्यासाठी त्यांचा काहीच उपयोग नसतो.

तपासणीची पद्धत लांबूनच ओळखता येते. समोर लांब टेबले मांडलेली असतील तर बॅग हाताने उघडून पाहिली जाणार आहे. तेव्हा आपली पाळी येण्याआधीच सगळ्या चेन उघडून ठेवाव्यात. सरकता पट्टा आणि ट्रे दिसले तर बॅग एक्स-रे यंत्रातून आणि माणूस मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जाणार, हे उघड आहे. तिथे खिसे रिकामे करण्याची तयारी ठेवावी. दोन उभ्या सडपातळ खांबांमधून लोक बॅग खांद्यावर ठेवूनच न थांबता चालत जात असतील, तर ते नव्या पद्धतीचे स्कॅनर आहे. वॉल्ट डिस्ने वर्ल्डने, म्हणजे डिस्नेच्या ऑरलँडोतील पार्कांच्या समूहाने, २०२० मध्ये, महासाथीच्या काळात, स्पर्श टाळण्यासाठी अशी यंत्रे वापरायला सुरुवात केली. या यंत्रापुढे खिशातून फोन आणि किल्ल्या काढत उभे राहणे म्हणजे मागच्यांचा खोळंबा करणे होय. तिथे वेगळीच तयारी लागते आणि तिच्याविषयी पुढे सांगितले आहे.

बॅग आदल्या रात्री, पूर्ण रिकामी करून भरावी

या संपूर्ण लेखातून एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळावी. वापरातली सॅक तशीच उचलून तिच्यात भर घालू नये. ती पालथी करून झटकावी, आतले छुपे कप्पे हाताने चाचपावेत आणि मग नव्याने भरावी. एका लांबच्या प्रवासानंतर माझ्या सॅकच्या आतल्या कप्प्यात फळे कापायचा छोटा चाकू राहून गेला होता आणि तो पार्कच्या टेबलावर बाहेर आला. कर्मचाऱ्याने शांतपणे तो टाकून देण्याचा किंवा परत नेण्याचा पर्याय दिला. तरी माझ्याबरोबरच्या मुलांचे चेहरे पडले आणि मागच्या दहा-बारा जणांचा वेळ गेला, याचे मला अजून वाईट वाटते. अनेक उपयोगांचे घडीचे हत्यार, किल्लीच्या जुडग्याला अडकवलेले लहान पाते, स्वसंरक्षणासाठी जवळ बाळगलेला मिरपुडीचा फवारा या वस्तू अशाच विस्मरणात जातात, आणि मोठ्या पार्कांत त्यांना सर्रास मनाई असते.

विमानतळाचा अनुभव इथे जसाच्या तसा लावू नये. विमानतळावर अडवली जाणारी पाण्याची भरलेली बाटली बहुतेक पार्कांत चालते. उलट विमानात बिनदिक्कत नेता येणाऱ्या काही वस्तू पार्कच्या दारावर थांबवल्या जातात. काचेच्या बाटल्या आणि बरण्या डिस्नेच्या अमेरिकी पार्कांत चालत नाहीत. लहान मुलांच्या खाण्याच्या छोट्या बरण्या हा त्याला अपवाद आहे. सेल्फी स्टिकला डिस्नेच्या पार्कांत २०१५ च्या उन्हाळ्यापासून बंदी आहे, कारण लोक चालत्या राइडमध्ये ती बाहेर काढत असत. ड्रोन आणि मोठे ट्रायपॉड यांनाही मज्जाव आहे. सुटा बर्फ आणि कोरडा बर्फ यांवर डिस्नेने १ मे २०१९ पासून बंदी घातली. त्याऐवजी पुन्हा गोठवता येणाऱ्या बर्फाच्या पिशव्या वापरण्याची शिफारस केली जाते. औषध थंड ठेवावे लागणाऱ्यांनी हा फरक विशेष लक्षात ठेवावा.

आकाराचे नियमही वाचावेत. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये साधारण ६१ सेंटिमीटर लांब, ३८ सेंटिमीटर रुंद आणि ४६ सेंटिमीटर उंच यापेक्षा मोठी बॅग किंवा शीतपेटी नेता येत नाही. तिथेच बाबागाडी ७९ सेंटिमीटरपेक्षा रुंद किंवा १३२ सेंटिमीटरपेक्षा लांब असू नये, असा नियम २०१९ पासून लागू आहे आणि ओढत न्यायच्या मुलांच्या गाड्यांना पूर्ण बंदी आहे. जुळ्या मुलांसाठी शेजारी-शेजारी आसनांची बाबागाडी घेणाऱ्या आईवडिलांनी घरीच टेप लावून मोजावे. दुसऱ्या पार्कांचे आकडे वेगळे असतात आणि ते बदलतातही. म्हणून जुन्या आठवणीवर विसंबण्यापेक्षा जाण्याच्या आदल्या आठवड्यात नियम पुन्हा वाचणे श्रेयस्कर.

आता प्रत्यक्ष भरण्याविषयी. एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर वस्तू त्यांच्या रंगरूपात दिसत नाहीत. त्या ज्या पदार्थाच्या असतात त्यानुसार रंगतात. सेंद्रिय पदार्थ, म्हणजे अन्न, कागद, कापड, बरेचसे प्लॅस्टिक, नारिंगी छटेत दिसतात; धातू निळे दिसतात; मधल्या घनतेचे पदार्थ हिरवट दिसतात. स्फोटकेही मुख्यतः सेंद्रिय असल्यामुळे त्याच नारिंगी छटेत उमटतात. आता कल्पना करावी, की बॅगेच्या तळाशी पॉवर बँक आहे, तिच्याभोवती गुंडाळलेल्या वायरी आहेत आणि त्यांवर खाऊचा घट्ट, जाड पुडका ठेवलेला आहे. पडद्यावर निळा ठोकळा, वायरींची गुंतवळ आणि वर दाट नारिंगी थर असे चित्र दिसते. ते पाहून तपासणारा थांबला नाही तर तोच कामात चुकला असे म्हणावे लागेल. हीच पॉवर बँक आणि वायरी एका पारदर्शक पाऊचमध्ये, खाऊ दुसऱ्या पिशवीत आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या, तर तेच सामान क्षणात ओळखता येते.

माझी पद्धत तीन पारदर्शक पाऊचची आहे. पहिल्यात किल्ल्या, नाणी, पॉवर बँक, धातूची चष्म्याची पेटी अशा वस्तू जातात. दुसऱ्यात औषधे आणि वैद्यकीय कागद. तिसऱ्यात खाण्याचे पदार्थ, शक्यतो मूळ पाकिटात. हे तिन्ही वरच्या बाजूला, आणि त्यांच्या खाली कपडे. हाताने तपासणी असेल तर तीन पाऊच उचलून दाखवले की बॅगेत कपडेच उरतात. घडी मोडेल, वैयक्तिक वस्तू इतरांना दिसतील, अशी भीती बाळगणाऱ्यांना मी मुद्दाम सांगेन, की अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, डायपर हे अपारदर्शक पण सहज उघडता येईल अशा वेगळ्या पिशवीत ठेवावेत आणि टेबलापाशी पोहोचल्यावर "या पिशवीत वैयक्तिक कपडे आहेत" एवढे स्पष्ट सांगावे. कर्मचारी ती पिशवी बाहेरून चाचपून किंवा आत डोकावून परत करतात. न सांगता ठेवली तर ती सर्वांसमोर रिकामी होण्याची शक्यता वाढते.

फिल्मचा कॅमेरा नेणारे आता थोडे आहेत, तरी त्यांच्यासाठी एक वाक्य: आयएसओ ८०० किंवा त्याहून वेगवान (म्हणजे प्रकाशाला अधिक संवेदनशील; आकडा वेष्टनावर असतो) फिल्म बॅगेतून काढून हाताने तपासण्याची विनंती करावी, कारण एक्स-रेने ती धुरकट होऊ शकते.

रांगेत उभे राहताना

पार्क उघडण्याच्या वेळेच्या आसपासचा अर्धा तास तपासणीच्या दृष्टीने सर्वांत वाईट. त्यामुळे एक तर उघडण्याआधी चांगला पाऊण तास पोहोचावे किंवा पहिली लाट ओसरू द्यावी. अगदी ठोक्याला पोहोचण्यात काहीच फायदा नाही. बऱ्याच ठिकाणी बॅग नसलेल्यांसाठी वेगळी रांग असते. तुमच्यापैकी एकाकडे सगळे सामान देऊन बाकीच्यांनी त्या रांगेतून जाणे शक्य असते. परंतु लहान मुले आणि मोठी माणसे आपल्यापासून तुटणार नाहीत हे पाहूनच तसे करावे आणि पलीकडे कुठे थांबायचे हे आधी ठरवावे. रांग निवडताना डोकी मोजण्यापेक्षा बाबागाड्या आणि बॅगा मोजाव्यात. बारा रिकाम्या हातांची माणसे चार भरलेल्या बाबागाड्यांपेक्षा लवकर पुढे सरकतात.

रांगेत असतानाच जॅकेट काढून हातावर घ्यावे, बाबागाडीच्या दांड्याला अडकवलेल्या पिशव्या सोडाव्यात आणि तिची खालची टोपली मोकळी करावी. कर्मचाऱ्यांबरोबर कुत्रा असेल तर त्याला हात लावू नये आणि मुलांनाही लावू देऊ नये. तो स्फोटकांचा वास घेण्याच्या कामावर असतो आणि लाडाने त्याचे लक्ष विचलित होते. शस्त्राविषयी, बॉम्बविषयी गमतीनेही बोलू नये, हे मोठ्यांना सांगायला नको. पण दहा-बारा वर्षांच्या मुलांना घरून निघतानाच सांगावे लागते.

यंत्र वाजले तर

मेटल डिटेक्टरच्या चौकटीत तारेची वेटोळी असतात आणि ती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. त्यातून धातूची वस्तू गेली की तिच्यात क्षणभर विद्युतप्रवाह फिरतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि चौकट ते टिपते. म्हणूनच लोहचुंबकाला न चिकटणारे अ‍ॅल्युमिनियमही वाजते, आणि वस्तूचा आकार व ती कशी धरली आहे यावरही संवेदना अवलंबून असते. बहुतेक चौकटींच्या बाजूला दिव्यांची उभी पट्टी असते. ज्या उंचीवर धातू असेल तिथला दिवा लागतो. कंबरेजवळ दिवा लागला तर पट्ट्याचे बक्कल, घोट्याजवळ लागला तर बुटातली धातूची पट्टी, हे आपणही ओळखू शकतो आणि "माझ्या बुटात धातू असावा" असे स्वतःहून सांगू शकतो. तसे सांगितल्याने हाताचा डिटेक्टर नेमक्या जागी फिरतो आणि प्रकरण लवकर मिटते.

खांबांच्या नव्या स्कॅनरमध्ये फोन, किल्ल्या आणि नाणी सहसा अडथळा ठरत नाहीत. घडीची छत्री, धातूची चष्म्याची पेटी, लॅपटॉप, स्टीलची बाटली अशा लांबट किंवा भरीव वस्तूंवर मात्र ते पुष्कळदा इशारा देते. अशा वस्तू बॅगेतून काढून, हात पुढे करून, दिसतील अशा धरून चालावे, अशी सूचना अनेक ठिकाणी फलकावर लिहिलेली असते. तरीही इशारा झाला तर कर्मचाऱ्यापुढच्या पडद्यावर शरीराच्या किंवा बॅगेच्या कोणत्या भागात वस्तू आहे ते चौकोनात दिसते; तो बोट दाखवील तोच कप्पा उघडावा. सगळी बॅग उपसण्याची गरज नसते.

एक गैरसमज अजून आढळतो. मेटल डिटेक्टरमधून क्ष-किरण बाहेर पडत नाहीत. क्ष-किरण वापरले जातात ते बॅगांच्या बंदिस्त यंत्रात. त्यामुळे गर्भवती स्त्रियांनी चौकटीतून जाण्यास घाबरण्याचे कारण नाही. मनात शंका असेल तर हाताने तपासणी मागावी, त्यात गैर काही नाही.

शरीरातील उपकरणे आणि औषधे

माझी आई प्रत्येक मेटल डिटेक्टरवर वाजते. पहिल्या वेळी ती खजील झाली होती, कारण सर्वांसमोर थांबवले गेल्यावर आपणच काही चूक केली असे तिला वाटले. आता ती चौकटीकडे जाण्याआधी दोन्ही गुडघ्यांना हात लावून "इथे कृत्रिम सांधे आहेत" असे सांगते, कर्मचारी हाताचा डिटेक्टर गुडघ्यांवर फिरवतो आणि ती पुढे जाते. सांध्यांविषयी डॉक्टरांचे पत्र जवळ असल्यास हरकत नाही, पण पत्रामुळे तपासणी टळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला डीफिब्रिलेटर (हृदयाचे ठोके बिघडल्यास विजेचा झटका देणारे उपकरण) असलेल्यांनी उपकरणाचे ओळखपत्र जवळ ठेवावे आणि आधीच सांगावे. चौकटीतून नेहमीच्या चालीने जाणे सामान्यतः सुरक्षित मानले जाते. चौकटीत रेंगाळणे, तिला टेकणे किंवा तिच्या शेजारी उभे राहून कोणाची वाट पाहणे टाळावे. हाताचा डिटेक्टर उपकरणावर काही सेकंदांपेक्षा जास्त काळ धरू नये, असे कर्मचाऱ्याला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. शक्य असेल तर त्याऐवजी हाताने तपासणी मागावी. आपल्या उपकरणाविषयी काही वेगळी बंधने आहेत का, हे जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठेवावे.

इन्सुलिन पंप आणि साखर मोजणारे सेन्सर वापरणाऱ्यांनी उत्पादकाची पुस्तिका वाचावी, कारण काही उत्पादक ही उपकरणे एक्स-रे यंत्रातून नेऊ नयेत असे स्पष्ट सांगतात. सुटा पंप किंवा जादा सेन्सर ट्रेमध्ये टाकण्याऐवजी हातात धरून दाखवावेत. कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले ऐकण्याचे उपकरण) किंवा श्रवणयंत्र असलेल्यांना चौकटीतून जाताना कानात विचित्र आवाज येऊ शकतो. त्याची पूर्वकल्पना असली की दचकायला होत नाही. व्हीलचेअरवर असलेल्यांना बाजूच्या रुंद वाटेने नेऊन हाताने तपासले जाते. उभे राहता येत नसेल तर तसे आधीच सांगावे आणि उठण्याचा प्रयत्न करू नये.

औषधे मूळ वेष्टनात, नावाच्या चिठ्ठीसह आणि डॉक्टरांच्या कागदाबरोबर न्यावीत. सुया, लॅन्सेट (रक्ततपासणीसाठी बोट टोचायची बारीक सुई) आणि त्या टाकण्याची डबी एकाच ठिकाणी ठेवावी. आपल्या घरच्या भागात कायदेशीर असलेला पदार्थ पार्क असलेल्या ठिकाणीही कायदेशीर असेलच असे नाही. २०१९ मध्ये सांधेदुखीसाठी सीबीडी तेल (भांगेच्या वनस्पतीतील एका घटकाचे तेल) जवळ बाळगणाऱ्या एका ६९ वर्षांच्या स्त्रीला मॅजिक किंगडमच्या तपासणीत ते सापडल्यानंतर अटक झाली होती. पुढे तिच्यावरील आरोप मागे घेण्यात आले, तरी अटकेचा मनस्ताप तिला सोसावा लागलाच.

मुले, आणि ज्यांची अडचण दिसत नाही अशी माणसे

लहान मुलांना यंत्राची भीती वाटते, त्याहून अधिक भीती आवडते खेळणे पट्ट्यावरून अंधाऱ्या बोगद्यात जाताना वाटते. ते पलीकडून बाहेर येणार आहे, हे मुलाला घरीच सांगावे आणि शक्य असेल तर एका मोठ्या माणसाने आधी पलीकडे जाऊन खेळणे हातात घेऊन उभे राहावे. चौकटीतून एकट्याने चालण्याचा सराव घरच्या दाराच्या चौकटीत करता येतो. आमच्या भाचरांना त्याचा चांगला उपयोग झाला. मुलाला वेगळे बाजूला घेण्याची वेळ आलीच, तर पालकाने सोबत राहण्याचा आग्रह धरावा.

स्वमग्न मुले, गर्दीने व आवाजाने अस्वस्थ होणारी माणसे, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध यांच्यासाठी रांगेच्या सुरुवातीलाच कर्मचाऱ्याला गाठून शांत मार्ग आहे का ते विचारावे. न दिसणाऱ्या अपंगत्वाची खूण म्हणून सूर्यफुलांचे चित्र असलेली गळ्यातली पट्टी २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली आणि पुढे इतरत्रही पसरली. आपण जाणार त्या पार्कातील कर्मचारी ती ओळखतात का, हे आधी विचारून ठेवावे. स्पर्श सहन न होणाऱ्या माणसाची हाताने तपासणी होणार असेल तर प्रत्येक पायरी आधी सांगून मगच हात लावावा, अशी विनंती करावी. डोक्यावरचे धार्मिक वस्त्र काढावे लागणार असेल तर स्वतंत्र खोली आणि आपल्याच लिंगाचा कर्मचारी मागावा. मी अशी मागणी नाकारली गेल्याचे पाहिलेले नाही, मात्र ती कोणी आपणहून देऊ करतानाही पाहिलेले नाही.

पोशाखाचीही काळजी घ्यावी. डिस्नेच्या अमेरिकी पार्कांत १४ वर्षे आणि त्यापुढील पाहुण्यांना काही खास कार्यक्रम वगळता पात्रांचे पूर्ण पोशाख घालून येता येत नाही, आणि खेळण्यातली बंदूक कोणत्याही वयात चालत नाही. वाढदिवसाला मुलाने हौसेने घेतलेली बंदूक दारावर काढून घेतली जाण्यापेक्षा घरी राहिलेली बरी.

अडवले गेल्यावर काय करावे

पार्क ही खासगी जागा असल्यामुळे तपासणी ही प्रवेशाची अट असते. ती नाकारता येते, पण मग प्रवेशही नाकारला जातो. वस्तूला मनाई असल्याचे सांगितले गेले तर आधी पर्याय विचारावेत: गाडीत ठेवून येता येईल का, तपासणीच्या अलीकडे लॉकर आहे का, टाकून द्यावी लागली तर परत मिळते का. टाकलेली वस्तू सहसा परत मिळत नाही, हे गृहीत धरून निर्णय घ्यावा. पुन्हा येताना परत पहिल्यापासून रांग लावावी लागेल का, हेही त्याच वेळी विचारावे.

वागणूक अपमानास्पद वाटली तर तिथल्या तिथे वाद घालून फायदा होत नाही, कारण दारावरच्या कर्मचाऱ्याला नियम बदलता येत नाहीत आणि मागची रांग तुमच्याच विरोधात जाते. वेळ, दाराचा क्रमांक आणि नेमके काय घडले ते लगेच टिपून पार्कच्या पाहुणे सेवा केंद्रात लेखी द्यावे. अशा तक्रारी वाया जात नाहीत, याचे ठोस उदाहरण आहे. शांघाय डिस्नेलँडमध्ये बाहेरचा खाऊ शोधण्यासाठी बॅगा चाचपल्या जात असत. कायद्याची एक विद्यार्थिनी या विरोधात २०१९ मध्ये न्यायालयात गेली, त्यावर मोठी चर्चा झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पार्कने स्वतःपुरते खाद्यपदार्थ आत नेण्यास परवानगी देऊन बॅग तपासणीची पद्धतही सौम्य केली. पाहुण्यांनी बॅग स्वतः उघडून दाखवावी, असा बदल त्यात होता. सुरक्षेसाठी होणारी तपासणी आणि बाहेरचे अन्न रोखण्यासाठी होणारी तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या आडून दुसरी केली जात असेल तर त्याविषयी लेखी विचारणा करणे योग्यच आहे, असे माझे ठाम मत आहे.

ट्रे उचलताना आणि पुन्हा आत येताना

तपासणी संपल्यावरच्या अर्ध्या मिनिटात सर्वाधिक वस्तू हरवतात. ट्रेमधले सामान उभ्या-उभ्या खिशात कोंबण्याऐवजी ट्रे बाजूच्या टेबलावर न्यावा आणि फोन, किल्ल्या, पाकीट, औषधांचा पाऊच ही चार नावे मोठ्याने घेत एकेक वस्तू उचलावी. ट्रेमध्ये टाकण्यापूर्वी छोट्या वस्तू पाऊचमध्येच असल्या तर हे कामही उरत नाही.

दुपारी विश्रांतीसाठी बाहेर गेलात तर परतताना तपासणी पुन्हा, पहिल्यासारखीच पूर्ण होते. हातावरचा शिक्का किंवा तिकीट पुनःप्रवेशासाठी असते, तपासणीतून सूट देण्यासाठी नसते. म्हणून बाहेर पडताना नको असलेले सामान खोलीवर किंवा गाडीत ठेवून यावे आणि दुसऱ्या खेपेला शक्यतो फोन व पाण्याची बाटली एवढ्यावरच भागवावे. आतही काही राइडच्या तोंडाशी वेगळे मेटल डिटेक्टर असतात. युनिव्हर्सल ऑरलँडोमधील २०२१ साली सुरू झालेल्या वेलोसिकोस्टर या वेगवान रोलर कोस्टरसाठी खिशातले सुटे सामान, फोनसह, लॉकरमध्ये ठेवूनच पुढे जाता येते, कारण वेगात खिशातून निसटलेली वस्तू खालच्या किंवा मागच्या माणसाला इजा करू शकते. त्या राइडला जायचे असेल तर चेन असलेल्या खिशाचाही उपयोग होत नाही. सुटी नाणी, किल्ल्या आणि फोन राइडमध्ये न बसता बाहेर थांबणाऱ्या तुमच्या माणसाकडे आधीच देऊन ठेवावेत.